अवघड जागेचं दुखणं

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. खरं नाव लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर होतं, तेवढंच. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. सिमेंटच्या जाहिराती, पाण्याच्या पंपांच्या, बनियनच्या, शिकवण्यांच्या. छापील फलक आले तशी बरोबरीची माणसं पांगली, कुणी दुकानात नोकरीला लागलं, कुणी लोकांची घरं रंगवू लागलं. पेंटर मात्र परांचीवरच राहिला. दोरी न लावता ओळ सरळ काढायचा आणि त्याचं त्याला कौतुकही होतं. जोडीला त्याच्याच वयाचा एक लांबलचक माणूस असे. त्याला तो उंट म्हणायचा.

जीभही ब्रशासारखीच चालायची. गिरणीच्या लांब भिंतीवर दर वर्षी एका गुप्तरोगवाल्याची जाहिरात असायची. 'निराश पुरुषांनो, लाजू नका, या.' अक्षरं माणसाच्या उंचीची. ती रंगवताना पेंटर वरून ओरडायचा, "उंटा, 'पुरुष'मधला ष जरा ताठ येऊ दे रे, नाहीतर गिऱ्हाईक परत जायचं." उंट हसून हसून परांची हलवायचा. खालून जाणारेही हसत. असल्या विनोदांत पेंटरचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बायको आजारात गेली तेव्हा लेक लग्नाला आली होती. तिचं लग्न लावून दिल्यावर घर खायला उठलं. लेकीनंच पुढाकार घेतला आणि बापासाठी स्थळ आणलं. बाई चाळिशी ओलांडलेली, दोन खोल्यांत पाळणाघर चालवणारी. नवऱ्यानं तिला फार पूर्वी सोडून दुसरा संसार थाटला होता. पेंटर बघायला गेला तेव्हा ती एका रडक्या पोराला अगदी मोठ्या माणसासारखं समजावत होती, "तुमची आई कामावर गेली आहे, पळून गेलेली नाही." पेंटरला ती तिथंच आवडली. सह्या करून लग्न झालं. मोजकी माणसं होती. दोघंही एकमेकांना अहोजाहो करत, कारण त्या वयात एकदम एकेरीवर यायचं कसं, हे दोघांनाही सुचेना.

आणि मग ते झालं. म्हणजे काहीच झालं नाही.

पहिल्या रात्री पेंटर म्हणाला, दगदग झाली. पुढं पाठ धरल्याचं सांगितलं. मग परांचीवर दिवसभर उभं राहिल्याचं. सबबी संपत आल्या तसा तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. आत उकडतं म्हणाला, बाहेर तर पंखाही नव्हता. ती त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून आत जायची. त्याला अलीकडे तहान फार लागत होती, लघवीला सारखं उठावं लागत होतं, शिडी चढताना धाप लागायची, तळव्यांना मुंग्या यायच्या. हे सगळं त्यानं वयाच्या नावावर टाकलं होतं. खरी बोच एकच होती आणि ती तो स्वतःशीसुद्धा शब्दात उच्चारत नव्हता.

त्याला वाटलं, पहिल्या बायकोची आठवण आड येत असेल. म्हणून त्यानं भिंतीवरचा तिचा फोटो काढून कपाटात ठेवला. संध्याकाळी परत आला तर फोटो पुसून होता तिथं लावलेला. नवी बायको म्हणाली, "त्यांनी तुमचं काय बिघडवलंय?" पेंटर मान खाली घालून हातावरचा रंग रॉकेलनं पुसत बसला, रंग कधीच निघून गेला होता तरी.

परांचीवरचे विनोद आटले. उंटानं दोनदा खोदून पाहिलं आणि सोडून दिलं. पेंटरला आता रस्त्यावरून जाणारा प्रत्येक हसरा माणूस आपल्यालाच हसतोय असं वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ झाकून झाकून त्याचा हात भरून आला होता.

लेकीच्या लक्षात आलंच. एका दुपारी ती बापाकडे आली. सावत्र आई पाळणाघरात होती. लेकीनं विचारलं, बाबा, तुमचं दोघांचं बरं आहे ना? तुम्ही बाहेर झोपता म्हणे. पेंटरनं चहाचा कप फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाला, "तिचं मन नाही लागत इथं. स्वभावच जरा थंड आहे तिचा."

शब्द तोंडातून गेला आणि त्यानं जीभ चावली. पण लेक समजुतीनं मान हलवून गेली, आणि पेंटरला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. पुढं याच सुटल्यासारखं वाटण्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

डॉक्टरकडे जायला हवं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण जवळचं एकच चांगलं हॉस्पिटल, आणि तिथं हृदयाचे आलेख काढायच्या मशीनवर त्याचा जावई. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण पेंटरनं जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली होती. आता ती अक्षरशः त्याच्याच वाट्याला आली. आपण केसपेपर काढायला रांगेत उभे आहोत आणि समोरून जावई येऊन 'बाबा, काय होतंय?' असं विचारतोय, हे नुसतं मनात आलं तरी त्याला घाम फुटे.

म्हणून तो गेला गुप्तरोगवाल्याकडे. मागच्या दारानं. आत बसलेल्यानं त्याला लगेच ओळखलं आणि भिंतीवरची जाहिरात पावसात धुतली गेली का, म्हणून विचारलं. पेंटर म्हणाला, भिंतीसाठी नाही, एका मित्रासाठी आलोय. समोरच्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. असे मित्र त्याच्याकडे रोज येत असणार. ना त्यानं नाडी पाहिली, ना वय विचारलं. एक चूर्णाची पुडी पुढं सारली आणि सांगितलं, मित्राला म्हणावं दुधातून घे आणि कुणाला बोलू नकोस.

चूर्ण लागू पडलं. चेहरा तापला, डोकं ठणकलं, नाक चोंदलं, पण लागू पडलं. पेंटरला रडू आलं, ते त्यानं अंधारात लपवलं. दुसऱ्या दिवशी बायको पोरांना भात भरवताना गुणगुणत होती. पेंटरला आपण पुन्हा माणसांत आलो असं वाटलं. पण पुढच्या खेपेला काही घडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चूर्णवाला म्हणाला, दुखणं जुनं आहे, मात्रा वाढवायला सांग मित्राला. मित्रानं मात्रा वाढवली. सकाळीही घेऊ लागला.

शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर काम चाललं होतं. ऊन चढलं होतं. पेंटरला डोळ्यांपुढं अंधारी आली, मग छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. उंटानं लांब हात टाकून त्याला धरलं म्हणून तो परांचीवरून पडला नाही. खाली उतरवल्यावर पेंटर एवढंच पुटपुटत होता, त्या हॉस्पिटलात नको, त्या हॉस्पिटलात नको. उंटाला वाटलं बरळतोय. त्यानं सरळ तिथंच नेलं.

अंगातला रंगानं माखलेला सदरा कापून काढला गेला. छातीवर वायरी चिकटवायला जावईच आला. वायरी लावता लावता तो तोंडानं धीर देत होता. तेवढ्यात बायको धावत आली. पाळणाघराचा झगा अंगावर तसाच, बाहीवर कुणा पोराच्या तोंडचा भात वाळलेला. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं चादरीवरून त्याचं पाऊल धरलं.

डॉक्टरीणबाई त्याच्या लेकीच्या वयाची होती. बोलणं भराभर आणि स्वच्छ. तिनं विचारलं, काही औषधं चालू आहेत? पेंटर म्हणाला, नाही. ताकदीची गोळी, चूर्ण, काढा, असलं काही? पेंटर म्हणाला, नाही. त्याची नजर जावयाच्या हातातल्या कागदाच्या पट्टीवर होती.

तिनं एक बारीकशी गोळी काढली. त्याच्या तोंडाजवळ हात नेऊन थांबली.

"काका, ही जिभेखाली ठेवायची आहे. छातीचं दुखणं हलकं होईल. पण पुरुषांच्या कमजोरीचं कुठलंही औषध पोटात असेल आणि त्यावर मी ही दिली, तर रक्तदाब इतका खाली जाईल की मला तुम्हाला परत आणता येणार नाही. म्हणून शेवटचं विचारते."

पेंटरला त्या क्षणी काय वाटलं ते त्यानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, घ्यावी. गप्प राहावं आणि घ्यावी. हृदय बंद पडलं म्हणतील, चार माणसं हळहळतील, विषय संपेल. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण पावलावरचा हात घट्ट झाला. ती पोरांना असंच धरायची, झोपेत दचकलेल्या पोरांना.

त्यानं डॉक्टरीणबाईचं मनगट पकडलं.

"घेतलंय," तो म्हणाला. "चूर्ण. सकाळी. दुप्पट."

"ताठरता येत नाही म्हणून?"

पेंटरनं डोळे मिटून मान हलवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. डॉक्टरीणबाईनं गोळी बाजूला ठेवली आणि नर्सला दुसरंच काही आणायला सांगितलं. जावई कागदाची पट्टी दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरून वाचत होता, जणू तिच्यावर गावाची बातमी छापली होती. आणि पावलावरचा हात निघून गेला. पेंटरनं डोळे उघडले तेव्हा बायको तिथं नव्हती.

हृदयविकाराचा झटका नव्हता. परांचीवर चूर्णानं रक्तदाब घडीभर कोसळला होता आणि हृदयाची तारांबळ उडाली होती. पण रक्तात साखर इतकी सापडली की डॉक्टरीणबाईनं त्याला घरी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची ओढून पलंगापाशी बसली, पडदा ओढून घेतला आणि प्रश्न विचारू लागली. हे कधीपासून? हळूहळू झालं की एकाएकी? पहाटे उठताना तरी ताठरता असते का? मनात इच्छा असते का? सिगारेट किती? पेंटर छताकडे बघून एकेका शब्दात उत्तरं देत होता. पहाटेचंही बंद झालंय, लग्नाच्या आधीपासूनच, हे त्यानं सांगितलं आणि सांगताना त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं की ना फोटोचा दोष होता, ना नव्या बायकोचा.

तिनं समजावून सांगितलं. मन घाबरलं असतं तर पहाटे शरीर आपलं काम करत राहिलं असतं. इथं रक्तवाहिन्याच खराब होत आहेत. साखर आणि धूर दोन्ही मिळून त्यांना आतून पोखरतात, आणि ज्या सगळ्यात बारीक, त्या आधी तक्रार करतात. हृदयाच्या जाड असतात, त्या मागाहून. हे आधीच दाखवलं असतंत तर साखर तेव्हाच सापडली असती. आणि त्या चूर्णात झाडपाला असेल-नसेल, दुकानात मिळणारी गोळीच कुटून घातलेली असते बऱ्याचदा, मोजमाप न करता.

"बरं होईल?" पेंटरनं भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"बरंचसं. अगदी पंचविशीतल्यासारखं नाही. आणि पुढच्या वेळी काकूंना घेऊन या. एकट्यानं करायचं औषध नाही हे."

बायको भेटीच्या वेळेला आली. स्टुलावर बसली. डबा उघडला नाही. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग अगदी हळू म्हणाली,

"म्हणजे ते माझ्यामुळं नव्हतं?"

पेंटरला प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं, थांबत थांबत. पहिल्या नवऱ्यानं तिला सोडलं तेव्हा चारचौघांत एकच कारण दिलं होतं, बाई थंड आहे. तो शब्द तिच्या माहेरच्या घरातही येऊन राहिला. इतक्या वर्षांनी पुन्हा धीर करून ती या घरात आली, आणि इथंही नवरा अंग चोरून बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. तिनं काय समजायचं? नवीन साडी नेसून पाहिली. केस रंगवले. आरशासमोर उभं राहायचीही लाज वाटू लागली.

"आणि तुमची लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, जरा मोकळ्या होत जा, बाबांना एकटं वाटतं. पोर चांगल्या मनानं बोलली. पण तिला कुणी सांगितलं असेल हो?"

खोटं बोलायला अजून जागा होती. पेंटरला ती दिसलीही.

"मी," तो म्हणाला. "तोच शब्द वापरला मी."

ती उठली. त्याला वाटलं, आता ही जाणार आणि जावंच तिनं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. तिनं डबा उघडला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. पण त्या दिवशी ती त्याच्याशी आणखी काही बोलली नाही, आणि पुढं घरी आल्यावरही पुष्कळ दिवस कामापुरतंच बोलली. पेंटरनं तक्रार केली नाही. तक्रार करायला तोंडच नव्हतं.

घरी आल्यावर लेक भेटायला आली. जावयानं तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं, साखरेपलीकडे काही नाही. पेंटरला वाटलं होतं तो सांगेल, म्हणजे आपल्याला सांगायला लागणार नाही. आता सुटका नव्हती. बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होती. पेंटरनं मुद्दाम तिला ऐकू जाईल एवढा आवाज काढला.

"मागं मी तुला तिच्याबद्दल बोललो होतो. ते खोटं होतं. दोष माझ्यात आहे, माझ्या शरीरात. तिच्यात काही नाही. याच्यावर मला काही विचारू नकोस."

लेकीचा चेहरा आधी कोरा होता, मग तिला उमगलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं लेक उठून आत गेली. आत काय बोलणं झालं ते पेंटरला कळलं नाही. नळ मात्र चालूच होता.

उपचार सुरू झाले. साखरेची गोळी, सकाळचं चालणं, गोड बंद. सिगारेटनं फार छळलं. उंटाच्या खिशातून वास आला तरी पेंटर चिडायचा. हृदयाच्या तपासण्या पुन्हा झाल्या आणि जावयानंच त्या केल्या. पट्टी हातात देताना तो एवढंच म्हणाला, "चांगला आहे, बाबा, आलेख." त्यात ना दया होती ना चेष्टा. पेंटरला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तो आयुष्यात पुन्हा दिसू नये असंही वाटलं.

मग डॉक्टरीणबाईनं चूर्णात कुटून घालतात तीच गोळी लिहून दिली, पण मोजून मापून. सोबत बजावलं, छातीत दुखलं तर आधी ही घेतल्याचं सांगायचं, कुणीही समोर असो. पेंटर चिठ्ठी घेऊन घराजवळच्या औषधाच्या दुकानात गेला आणि खोकल्याचं औषध घेऊन आला. दुसऱ्या दिवशी लांबच्या दुकानात गेला आणि मलम घेऊन आला. बायकोनं बाटली पाहिली, मलम पाहिलं, चिठ्ठी मागून घेतली. संध्याकाळी दोघं निघाली. ती औषधाच्या दुकानात गेली, पेंटर समोरच्या चपलांच्या दुकानाच्या काचेत बघत उभा राहिला. रस्त्यापलीकडून त्याला तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. पाळणाघरातल्या पोरांसाठी तापाचं औषध मागावं तशी ती गोळीचं नाव सांगत होती, आणि दुकानदाराला नीट ऐकू आलं नाही म्हणून तिनं ते पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. पेंटरनं चपलेची एक जोडी इतकी निरखून पाहिली की विकणारा बाहेर आला.

गुप्तरोगवाल्याचे फोन येत होते, भिंत फिकी पडलीय म्हणून. पेंटरनं फोन उचलले नाहीत. जाऊन त्याची गचांडी धरावी, पोलिसांत जावं, असं पुष्कळदा मनात आलं, पण तिथं काय काय बोलावं लागेल या विचारानं पाय मागं आले. गिरणीवरून जाताना तो मान वळवून घ्यायचा. फिकी झाली तरी अक्षरं वाचता येत होती, आणि ती वाचून कुणीतरी मागच्या दारानं आत जात असणार, हे त्याला ठाऊक होतं. ही एक लाज त्याच्याच्यानं धुतली गेली नाही.

थंडी सरता सरता दोघं तपासणीला गेली. साखर आटोक्यात होती. डॉक्टरीणबाईनं कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, बाकी? पेंटरनं घसा खाकरला. तो टेबलावरच्या टाचणीकडे बघत राहिला. शेवटी बायकोच बोलली.

"कधी होतं, कधी नाही," ती म्हणाली. तिचेही कान तापले होते. "नाही झालं तर आम्ही बोलत पडतो."

डॉक्टरीणबाईनं ते लिहून घेतलं, किंवा लिहिल्यासारखं केलं, आणि तीच गोळी पुढं चालू ठेवायला सांगितली.

बाहेर पडताना व्हरांड्यात जावई दिसला. पेंटरनं चालण्याचा वेग वाढवला, थेट फाटकापर्यंत. मागून बायकोची हाक आली, "अहो, हळू चाला की. मी काय तुमच्या मागं पळू?" पेंटर थांबला. ती येईपर्यंत त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. ती आली तशी पिशवी त्यानं तिच्या हातातून घेतली, आणि ती म्हणाली, जरा भाजी घेऊ, पोरं यायच्या आत पाळणाघरात पोचू.